गोळी रक्तात शिरते कुठून? लहान आतडं, शोषण आणि 'उपाशीपोटी घ्या'मागची कारणं

खलबत्ता

चिठ्ठीवर 'उपाशीपोटी', 'जेवल्यावर', 'दुधाबरोबर नको' असं लिहिलेलं असतं, पण का ते कुणी सांगत नाही. उत्तर बहुतेक वेळा लहान आतड्यात असतं, म्हणून हा धागा. औषधनिर्माण, दुकान, शस्त्रक्रिया या बाजूंची माणसं इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी प्रवास पाहू. गोळी जठरात पोचते, फुटते, थोडीफार विरघळते. तिथून पुढे कधी सरकेल हे पोट भरलेलं आहे की रिकामं यावर ठरतं. रिकाम्या पोटी पेलाभर पाणी प्यायलं तर त्यातलं निम्मं १०-१५ मिनिटांत आतड्यात उतरतं आणि विरघळलेलं औषध त्याच्याबरोबर जातं. जेवण झालेलं असेल तर जठर दळण दळत बसतं. बारीक झालेलंच पुढे सोडतं आणि न फुटलेली मोठी गोळी मागे ठेवतं. उपाशीपोटी साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून सुरू होणारी एक जोरदार लाट येते. उरलासुरला ऐवज, त्यात न फुटलेली गोळीही, तिच्याबरोबर बाहेर पडते. त्यामुळे एकाच माणसात तीच गोळी एकदा १० मिनिटांत पुढे जाईल, एकदा दोन तासांनी.

लहान आतड्याचा वेळ मात्र बराच ठरलेला आहे: तीन ते चार तास. द्रव असो, गोळी असो, बारीक दाणे असोत, फार फरक पडत नाही. औषधाला जे करायचं ते बहुतेक याच वेळात.

काम तीन टप्प्यांत होतं. आतड्यातल्या पाण्यात विरघळायचं, भिंत पार करायची, आणि पार करताना व त्यानंतर यकृतातून जाताना शाबूत राहायचं. कुठलंही औषध 'लागू पडत नाही' असं दिसलं की यातला कोणता टप्पा अडला हे आधी बघावं.

पहिल्या टप्प्याबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. उपाशीपोटी लहान आतड्यात मोकळं पाणी १०० मिलिलिटरसुद्धा नसतं, आणि जे असतं ते सलग नसून लहान लहान डबक्यांत विखुरलेलं असतं. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांत गोळी सुमारे २४० मिलिलिटर पाण्याबरोबर देतात. एका घोटात गोळी ढकलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

नीलमोहर

छान सुरुवात. एक शंका. अकरावी-बारावीत वाचलं होतं की अ‍ॅस्पिरिनसारखी आम्लधर्मी औषधं जठरातच शोषली जातात, कारण आम्लात ती प्रभाररहित राहतात. मग सगळं श्रेय लहान आतड्याला कसं?

खलबत्ता

तर्क बरोबर, निष्कर्ष अपुरा. अ‍ॅस्पिरिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभारित असतात तो आकडा) साधारण ३.५. जठरात पीएच १-२ असताना ते जवळजवळ सगळं प्रभाररहित असतं आणि असे रेणू पेशीच्या मेदयुक्त पडद्यातून सहज जातात. ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याचा पहिला भाग) पीएच ६ च्या आसपास, इलियमच्या (शेवटचा भाग) टोकाला ७.४ च्या जवळ. तिथे प्रभाररहित रेणू हजारात एखाददुसरा. तरीही अ‍ॅस्पिरिन मुख्यतः लहान आतड्यातच शोषलं जातं. कारण क्षेत्रफळ. आडव्या घड्या, त्यावर व्हिलाय (बोटांसारखे बारीक उंचवटे), प्रत्येक पेशीवर त्याहून सूक्ष्म मायक्रोव्हिलाय, आणि खाली दाट रक्तपुरवठा. प्रभाररहित रेणू पार गेले की समतोल राखायला नवे तयार होतात, त्यामुळे कमी टक्केवारीनेही काम भागतं. शिवाय आम्लात अ‍ॅस्पिरिन नीट विरघळत नाही, तो पहिला टप्पाच तिथे अडतो.

पुरावा हवा असेल तर पॅरासिटामॉल बघा. जठर रिकामं होण्याचा वेग मोजायला ते खूणऔषध म्हणून वापरतात, कारण जठरात ते जवळपास शोषलं जात नाही आणि आतड्यात उतरलं की लगेच रक्तात दिसतं. मेटोक्लोप्रमाइड देऊन जठर लवकर रिकामं केलं की रक्तातली पातळी लवकर चढते. मॉर्फीनसारख्या औषधांनी जठर मंदावलं की उशिरा.

जाता जाता, 'टेनिस कोर्टाएवढं आतडं' हे वाक्य आता सोडून द्यायला हवं. २०१४ साली स्वीडनमधल्या हेलांडर आणि फेन्ड्रिक्स यांनी पुन्हा मोजणी केली. सगळी अन्ननलिका-आतडी मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरली, आणि त्यातला मोठ्या आतड्याचा वाटा जेमतेम २. म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट. तरीही जठराच्या मानाने ते प्रचंडच.

धोंडूतात्या

जठरातून शोषण होतच नाही असं धरून चालायचं का मग?

कोटिंगपॅन

तात्या, नाही. दारू थोडीफार जठरातून जाते. आणि एक मुद्दाम घडवलेला अपवाद आहे: तोंडाने घ्यायचं सेमाग्लुटाइड, मधुमेहाचं औषध. हा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, आहे, आतड्यात उतरला की पाचकरस त्याचे तुकडे करणार. म्हणून गोळीत ३०० मिलिग्रॅम एसएनएसी नावाचा पदार्थ घातलाय. गोळी जठराच्या भिंतीला टेकून झिजते, तेवढ्या जागेपुरतं आम्ल कमी होतं आणि औषध तिथूनच आत शिरतं. म्हणून सूचना इतक्या काटेकोर: सकाळी पूर्ण उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाणी, नंतर अर्धा तास काही नाही, दुसऱ्या गोळ्याही नाहीत. जास्त पाणी प्यायलं तर एसएनएसी पातळ होऊन सगळा खेळ बिघडतो. एवढं करूनही सुमारे १ टक्काच औषध रक्तात पोचतं. इतर गोळ्यांना भरपूर पाणी, हिला मोजून.

आता माझ्या बाजूचं. १९९५ मध्ये गॉर्डन अ‍ॅमिडन आणि सहकाऱ्यांनी औषधांची चार वर्गांत मांडणी केली, बीसीएस म्हणतात तिला. प्रश्न दोनच: सर्वांत मोठा डोस २५० मिलिलिटर पाण्यात, आतड्यात भेटणाऱ्या पीएचमध्ये, पूर्ण विरघळतो का? आणि भिंत सहज पार करतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पहिला वर्ग, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल. विरघळत नाही पण पार करतं तो दुसरा, इट्राकोनॅझोल. विरघळतं पण पार करायला अवघड तो तिसरा, मेटफॉर्मिन, अटेनोलॉल. दोन्हीत अडलेला चौथा, फ्युरोसेमाइड.

आमचं बरंचसं कौशल्य दुसऱ्या वर्गात खर्च होतं. इट्राकोनॅझोलच घ्या, गजकर्णासाठी सध्या सर्रास लिहिलं जातं. हे क्षीण अल्कली आहे, पीकेए ३.७ च्या आसपास. फक्त आम्लात विरघळतं, तेही बेताचंच. कॅप्सूलमधले दाणे हे साखरेचे मणी असतात, त्यावर औषध आणि पॉलिमर यांचा एकत्र थर. जठरातल्या आम्लात औषध सुटतं, आतड्यात जाऊन पीएच वाढला की खरं तर ते खाली बसायला हवं. पॉलिमर त्याला काही काळ तरंगतं ठेवतो आणि तेवढ्या वेळात शोषण उरकून घ्यायचं असतं.

म्हणून ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच. आणि म्हणूनच तिच्या जोडीला सवयीने पँटोप्राझोल लिहिणं ही चूक आहे. पँटोप्राझोल दिवसभर आम्ल दाबून ठेवतं, दोन तासांचं अंतर ठेवून काही साधत नाही. ते बंद करणं शक्यच नसेल तर कॅप्सूल कोलाबरोबर द्यावी लागते, साखर नसलेल्या नव्हे, साध्या कोलाबरोबर. कोलाचा पीएच २.५ च्या आसपास असतो. मधुमेह्यांसाठी अर्थातच हा मार्ग अडचणीचा. याच औषधाचं द्रावण मात्र उपाशीपोटी घ्यायचं, कारण त्यात ते सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये आधीच विरघळवलेलं असतं. एकच औषध, दोन रूपं, सूचना उलट.

कमी आम्लात फुटणारं आवरण, म्हणजे एंटेरिक कोटिंग, हेही आतड्यासाठीच. पँटोप्राझोलचा रेणू आम्लात तुटतो, म्हणून पीएच ५.५ च्या वर विरघळणारा थर देतात. फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) चाचणी अशी: दोन तास ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात गोळीला तडा जाता कामा नये, मग पीएच ६.८ च्या बफरमध्ये तासाभरात ती फुटलीच पाहिजे. थर पातळ पडला किंवा कडेला उडाला तर पहिल्या टप्प्यात नापास. थर जाड झाला किंवा प्लास्टिसायझर (थर लवचीक ठेवणारा पदार्थ) कमी-जास्त झाला तर दुसऱ्यात. घरी ती गोळी खलात कुटून दुधात घालणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

नीलमोहर

मेटफॉर्मिनची 'एसआर' (औषध हळूहळू सोडणारी) गोळी शौचातून अख्खी पडते अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकू येते. शोषण झालं नाही असं समजायचं?

कोटिंगपॅन

नाही, ते टरफल आहे. एचपीएमसी नावाचा पॉलिमर पाण्याने फुगून जेली होतो, औषध त्यातून झिरपून बाहेर जातं, मऊ सांगाडा शिल्लक राहतो. पण एसआर मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणाबरोबर का, तर त्याचं शोषण लहान आतड्याच्या वरच्या भागातच होतं. उपाशीपोटी घेतली तर गोळी त्या भागातून लवकर पुढे निघून जाते आणि उरलेलं औषध मोठ्या आतड्यात वाया जातं. जेवणाने ती जठरात अडकून राहते, औषध थोडं थोडं खाली सोडते, आणि शोषण साधारण दीडपट होतं. म्हणजे इथे जेवण गोळी धरून ठेवण्याच्या कामी येतं.

काउंटरपलीकडून

दुकानात रोज लागणारं सांगतो.

थायरॉक्सिन. जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) आणि इलियममध्ये शोषलं जातं, उत्तम परिस्थितीत ६० ते ८० टक्के. मायक्रोग्रॅममधला डोस, म्हणून थोडीशी गळतीही टीएसएचमध्ये (थायरॉइडची रक्ततपासणी) दिसते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर अर्धा ते एक तास काही नको. त्या 'काही'मध्ये चहा-कॉफी धरलेली आहे. 'फक्त चहाच तर घेतला' हे सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य. कॅल्शियम आणि लोह यांच्यात व थायरॉक्सिनमध्ये चार तास. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी. काही करा, पण रोज सारखंच करा. डोस त्या सवयीवर बसवलेला असतो.

लोह. शोषण ड्युओडेनम आणि जेजुनमच्या सुरुवातीला, फेरस रूपातच. चहातलं टॅनिन, दुधातलं कॅल्शियम, भाकरी-चपातीतलं फायटेट, सगळे आड येतात. लिंबूपाणी चालतं, किंबहुना बरंच. एंटेरिक कोटिंगची लोहाची गोळी मला कधीच पटलेली नाही. पोट कमी बिघडतं खरं, पण ती फुटेपर्यंत शोषणाची जागा मागे पडलेली असते. आणखी एक. एक डोस घेतल्यावर शरीरात हेपसिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण घटतं. म्हणून सौम्य कमतरतेत एक दिवसाआड गोळी देण्याकडे आता अनेक डॉक्टरांचा कल आहे. गर्भवतींनी हे वाचून आपल्या मनाने गोळी कमी करू नये, त्यांचं वेळापत्रक वेगळं.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटाचं दुधाशी, कॅल्शियमशी, अँटासिडशी जुळत नाही. धातूचा आयन औषधाला चिकटून जे संयुग होतं ते भिंत ओलांडत नाही. सिप्रो अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डॉक्सिसायक्लिनचं दुधाने होणारं नुकसान त्यामानाने कमी. पावसाळ्यात मुंबईत लेप्टोसाठी ते दिलं जातं तेव्हा माझी काळजी वेगळीच असते: कॅप्सूल कोरड्या घशाने गिळून आडवं होणं. ती अन्ननलिकेत चिकटली की तिथेच व्रण करते. पेलाभर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं, एवढंच पुरतं.

रिफाम्पिसिन जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. जेवणाने रक्तातली सर्वोच्च पातळी साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरते. पण उपाशीपोटी मळमळून गोळ्याच बंद होत असतील तर थोडं खाऊन घेतलेल्या बऱ्या, टीबीत डोस चुकणं जास्त महाग. हे डॉक्टरांशी बोलून.

आणि अल्बेंडाझोल. इथे गंमत आहे. पोटातल्या जंतांसाठी ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी, ती आतड्यातच राहिलेली बरी, शोषण कमी झालं तरी बिघडत नाही. पण मेंदूतल्या सिस्टिसर्कोसिससाठी (पट्टकृमीच्या अळ्यांचा आजार) तेच औषध दिलं असेल तर तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबरच घ्यायला हवं. स्निग्ध जेवणाने रक्तातली पातळी पाचपटीपर्यंत चढते. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइनही तसंच, स्निग्ध जेवणाने जवळपास दुप्पट.

धोंडूतात्या

+१. कात्रण काढून ठेवण्यासारखा प्रतिसाद. आता भिंतीबद्दल सांगा. 'पार करतं' म्हणजे नेमकं कसं? आणि मिरीने औषध वाढतं म्हणतात त्यात तथ्य किती?

खलबत्ता

तात्या, वाटा चार.

बहुतेक औषधं पेशीच्या पडद्यात शिरून पलीकडे निघतात. त्यासाठी थोडा मेदप्रेम, थोडा पाणप्रेम असा तोल लागतो. लिपिन्स्कीचे १९९७ चे ठोकताळे, रेणुभार ५०० च्या आत वगैरे, यासाठीच आहेत. लहान आणि पाणप्रेमी रेणू पेशींच्या मधल्या सांध्यांतून झिरपतात, पण ती वाट अरुंद.

तिसरी वाट वाहकांची. अमिनो आम्लं, पेप्टाइडं आत घेणारी प्रथिनं भिंतीवर असतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही पेप्टाइडच्या वाहकावरून (पेप्ट-१) जातात. असायक्लोव्हिर एरवी मोठ्या कष्टाने शोषलं जातं, म्हणून त्याला व्हॅलिन जोडून व्हॅलासायक्लोव्हिर केलं आणि ते या वाहकावर चढवलं. वाहकाची अडचण ही की जागा मोजक्या. गॅबापेंटिनचं बघा: दिवसाला ९०० मिलिग्रॅम तीन डोसांत घेतलं तर ६० टक्के शोषलं जातं, ४८०० घेतलं तर २७ टक्के. डोस वाढवला त्या प्रमाणात रक्तातलं औषध वाढत नाही, कारण वाहक भरलेला असतो. प्रीगॅबालिनचं असं होत नाही, ते ९० टक्क्यांहून जास्त जातं. पार्किन्सनमधलं लेव्होडोपा मोठ्या अमिनो आम्लांच्या वाहकावरून जातं, म्हणून भरपूर डाळ-पनीरच्या जेवणाबरोबर घेतलं की त्याच जागांसाठी स्पर्धा होते. रुग्ण म्हणतो 'दुपारी गोळी चढतच नाही'. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलं की फरक पडतो.

चौथी वाट उलटी. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप आत आलेल्या रेणूला पुन्हा आतड्यात ढकलून देतो, सोसायटीच्या फाटकावरच्या खमक्या वॉचमनसारखा. डिगॉक्सिन, हे हृदयाचं औषध, त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. रिफाम्पिसिन हे पंप वाढवतं, त्यामुळे टीबीचे उपचार सुरू झाल्यावर डिगॉक्सिनची पातळी घसरते.

त्याच पेशींत सीवायपी ३ए४ हे विकर बसलेलं असतं. म्हणजे यकृताच्या आधीच औषधाची मोडतोड सुरू. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन (रक्तदाबाचं औषध) व दारू यांचा अभ्यास करत होते. दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तात फेलोडिपिन अनपेक्षित वाढलं. त्या रसातले फ्युरानोकुमारिन आतड्यातलं हे विकर कायमचं निकामी करतात. नवं तयार होईपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, परिणाम राहतो. त्यामुळे 'गोळी सकाळी, रस संध्याकाळी' ही पळवाट चालत नाही. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कमी, पण पपनस त्याच कुळातलं, आणि त्याच्या रसाने सायक्लोस्पोरिनची (बसवलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) पातळी वाढल्याचं दाखवलं गेलंय. मूत्रपिंड बसवलेल्यांनी गणपतीतलं पपनस प्रसादापुरतंही घेऊ नये. अ‍ॅम्लोडिपिनवर परिणाम नगण्य, त्याचं शोषण मुळातच चांगलं. सिम्व्हास्टॅटिनवर खूप.

फळांच्या रसाची दुसरी बाजूही आहे. फेक्सोफेनाडिन आत नेणाऱ्या वाहकाला ग्रेपफ्रूट, संत्रं, सफरचंद यांचे रस अडवतात, म्हणून तिथे औषध कमी पडतं. अ‍ॅलर्जीची ती गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

मिरीचं तथ्य आहे, पण जाहिरातीएवढं नाही. पायपरीन वर सांगितलेला पंप आणि विकर दोन्ही थोपवतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी १९७० च्या दशकाअखेरीस त्रिकटूवरून यावर काम सुरू केलं. पुढे त्यातूनच रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम, सोबत आयसोनियाझिड ३०० आणि पायपरीन १० मिलिग्रॅम, असं मिश्रण भारतात बाजारात आलं. हळदीचा '२००० टक्के' हा आकडा बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासातला: २ ग्रॅम कर्क्युमिनला २० मिलिग्रॅम पायपरीन. पण मुळात एकटं कर्क्युमिन रक्तात जवळपास सापडतच नव्हतं, त्याच्या वीसपट म्हणजेही फार नाही. शिवाय जे मिरी कर्क्युमिनला करते ते ती फेनिटॉइनलाही करते. फिट्सची औषधं चालू असताना पायपरीनच्या कॅप्सूल घेणं धोक्याचं. भाजी-आमटीतल्या मिरीची काळजी नको.

शस्त्रपेटी

शस्त्रक्रियेनंतरचं चित्र वेगळं असतं, ते थोडक्यात.

आतड्याचा कोणता भाग काढला हे लांबीइतकंच महत्त्वाचं. जेजुनम काढला तर इलियम बरंचसं काम उचलतं. उलट होत नाही. आपल्याकडे इलिओसीकल (लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याच्या) टीबीमुळे इलियमचं टोक काढावं लागतं. ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त गेलं तर बी-१२ चं नेहमीचं शोषण संपलं असं धरून आयुष्यभर इंजेक्शन. तोंडाने मोठा डोस हाही पर्याय आहे, कारण वाहकाशिवाय सुमारे १ टक्का झिरपतोच, म्हणजे १००० मायक्रोग्रॅममधले १०. पण उरलेलं आतडंच आखूड असेल तर मी इंजेक्शनवरच राहीन.

त्याच ठिकाणी पित्तक्षार परत शोषले जातात. ते मोठ्या आतड्यात गळले की पाण्यासारखे जुलाब होतात, त्यावर कोलेस्टिरामिन देतात. ही पूड पित्तक्षार पकडते आणि सोबत वॉर्फरिन, डिगॉक्सिन, थायरॉक्सिनही. बाकीची औषधं त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. डिस्चार्ज कार्डावर हे वेळेसकट लिहायला हवं, बहुतेकदा लिहिलेलं नसतं.

आतडं २०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरलं किंवा वरच्या भागात स्टोमा (पोटावर उघडलेलं आतड्याचं तोंड, त्याला पिशवी लावतात) असेल तर एसआर आणि एंटेरिक गोळ्या टाळा. तीन-चार तासांचा वेळच उरलेला नसतो, त्या पिशवीत पडतात, आणि कोटिंगपॅन म्हणतात तशा टरफल होऊन नव्हे तर औषधासकट. द्रव किंवा लवकर फुटणारी रूपं वापरायची. मात्र सॉर्बिटॉलवाली सिरप जुलाब वाढवतात, बाटलीवरची यादी वाचा.

नळीतून फीड चालू असलेल्या रुग्णाला फेनिटॉइन देताना फीड आधी आणि नंतर एक ते दोन तास थांबवा, सस्पेन्शन पाणी घालून पातळ करा, शेवटी नळी पाण्याने धुवा. नाहीतर पातळी पडते आणि फिट येते. आणि एंटेरिक दाणे कुटून बारीक नळीत घालू नका. औषध जातं ते जातंच, नळीही बुजते.

बीफार्म_तिसरं_वर्ष

वाचतेय, खूप उपयोग होतोय. आमच्या प्रॅक्टिकलला कोंबडीच्या आतड्याची उलटी पिशवी करून शोषण मोजायचंय. आकडे प्रत्येक गटाचे वेगळे येतात. नेमकं काय चुकत असेल?

खलबत्ता

विल्सन आणि वाइसमन यांची १९५४ ची पद्धत. स्वस्त आहे, पण घड्याळाशी शर्यत आहे. आतडं रक्तपुरवठ्यावाचून मरायला लागतं आणि तासाभरात आवरणाचा मोठा भाग निखळतो. आकडे फिसकटण्याचं पहिलं कारण हेच: कुणाचं आतडं १५ मिनिटांपूर्वीचं, कुणाचं दीड तासापूर्वीचं.

दुकानात जाताना बर्फात ठेवलेली क्रेब्ज-रिंगरची (उती जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण) बरणी घेऊन जा, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडलेली. साधं थंड सलाइन फार तर धुण्यापुरतं. स्वादुपिंडाभोवतीचा वळसा हा ड्युओडेनम, तो सोडा. त्याच्या पुढे मेकेलच्या लहानशा गाठीपर्यंत जेजुनम. सगळ्या गटांनी याच भागातले तुकडे घ्या, हे दुसरं कारण.

मेद सोलून काढा. सिरिंजने थंड द्रावण सोडून आतून धुवा, जोर लावू नका. २-३ मिलिमीटर जाडीच्या, टोकं गोल केलेल्या काचेच्या कांडीवर एक टोक बांधून आतडं हळूच उलटं करा, म्हणजे व्हिलाय बाहेर येतील. ५-६ सेंटिमीटरचे तुकडे करा, एक टोक दोऱ्याने बांधा, औषध नसलेलं १ मिलिलिटर बफर भरा, दुसरं बांधा. पिशवी टम्म फुगवू नका, ताणाने सांधे उघडतात. मग औषध विरघळलेल्या ४०-५० मिलिलिटर बफरमध्ये, ३७ अंशांवर, वायूचे बुडबुडे चालू ठेवून. (कोंबडीचं शरीर ४१ अंशांच्या आसपास असतं, पण तुलना माणसाशी करायची असल्याने बहुतेक ठिकाणी ३७ वापरतात.) एकाच पिशवीतून पुन्हा पुन्हा काढू नका. १५, ३०, ४५, ६० मिनिटांसाठी वेगवेगळ्या पिशव्या.

औषध पूर्ण विरघळलेलं हवं. गढूळ द्रावणात बुडवलेली पिशवी विरघळण्याचा वेग मोजते, शोषणाचा नाही. विरघळवायला इथेनॉल किंवा डीएमएसओ घालावंच लागलं तर १ टक्क्याच्या आत.

पारगम्यतेचं सूत्र: दर सेकंदाला आत गेलेलं औषध, भागिले (क्षेत्रफळ गुणिले बाहेरची सुरुवातीची संहती). क्षेत्रफळ साध्या नळकांड्याचं धरतात, व्हिलाय मोजत नाहीत. प्रयोगानंतर पिशवीची लांबी-रुंदी पुन्हा मोजा, ती आखडते.

बीफार्म_तिसरं_वर्ष

धन्यवाद सर. पिशवी जिवंत आहे आणि गळत नाही हे कसं तपासायचं?

कोटिंगपॅन

दोन सोप्या चाचण्या. दोन्ही बाजूंना १० मिलिमोलर ग्लुकोज ठेवा. जिवंत आवरण ते ओढून आत साठवतं, अर्ध्या तासाने आतलं ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा वाढलेलं दिसलं पाहिजे. समान राहिलं तर ती पिशवी बाद. गळतीसाठी बाहेर फिनॉल रेड घाला. आतल्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर गुलाबी झालं तर गाठ सैल आहे किंवा भिंत फाटली आहे.

हिशेबही जुळवून पहा. बाहेरून कमी झालेलं औषध आणि आत सापडलेलं यांत मोठी तफावत असेल तर उरलेलं भिंतीत अडकलंय. इथे औषधाला स्नायूंचा थरही ओलांडावा लागतो, जिवंत शरीरात ते त्याआधीच रक्तवाहिनीत शिरतं. म्हणून मेदप्रेमी औषधांचा आकडा खोटा कमी येतो. उती वाटून, औषध काढून तेही मोजा.

वेळ उरला तर उलटी आणि सुलटी अशा दोन्ही पिशव्या लावा. सुलट्या पिशवीतही औषध बाहेरच्या द्रावणात ठेवून आत, म्हणजे पोकळीत, किती येतं ते मोजायचं. पंपाचं गिऱ्हाईक असलेलं औषध आतड्याच्या पोकळीकडे जास्त वेगाने जाईल. मग व्हेरापामिल १०० मायक्रोमोलर घालून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही दिशांचे वेग जवळ आले तर पंपाचंच काम होतं. नाही आले तर आधी गाठी तपासा, मग निष्कर्ष लिहा.